सोळा खोल्या, एक इव्हेंट लूप आणि ‘थांब’

“घड्याळ पळतंय, पण आकडं हलंनात बघा.”

रात्री अडीचला तात्यांचा फोन आला तो एवढंच सांगायला. तात्या कोल्ड स्टोरेजचे रात्रपाळीचे ऑपरेटर. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात घड्याळ असतं आणि त्याखाली सोळा खोल्यांची तापमानं. घड्याळाचे सेकंद सरकत होते, तापमानं मात्र पावणेदोनपासून जिथल्या तिथे होती. जाऊन पाहिलं तर अकरा नंबरच्या खोलीचा कंट्रोलर, म्हणजे तिथलं तापमान मोजून राखणारं यंत्र, अडकला होता. त्या एकामुळे उरलेल्या पंधरा खोल्यांच्या नोंदी थांबल्या होत्या, आणि नोंदी थांबल्या म्हणजे तापमान वाढल्याचा एसएमएसही थांबला.

तासगाव भागात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेडवर तयार झालेला माल खोक्यांत भरून खोल्यांत जातो आणि भाव मिळेपर्यंत महिनोन्‌महिने तिथे राहतो. आमच्याकडे खोली चार-पाच अंशांवर ठेवतात. ती वर गेली आणि तशीच राहिली, तर हिरवा बेदाणा तांबूस पडायला लागतो. तो माल एका शेतकऱ्याचं वर्षभराचं काम असतो, म्हणून हा प्रोग्रॅम माझ्यासाठी कधीच किरकोळ नव्हता. पॅनेल आणि कंट्रोलरची देखभाल हे माझं मूळ काम. प्रोग्रॅमिंग मी गरजेपोटी शिकत गेलो.

प्रोग्रॅम टीसीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता. जाणकार तिला ‘टिकल’ म्हणतात. जॉन आउस्टरहाउट यांनी ती १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिली. आज नव्याने शिकणारे पायथॉनकडे जातात, पण चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना टिकल अजूनही रोज भेटते. आमच्याकडे ती राहिली त्याचं कारण साधं आहे. भाषा, स्क्रीनची खिडकी आणि आपली स्क्रिप्ट असं सगळं एकाच फाइलीत बांधता येतं; ती फाइल पेनड्राइव्हवरून नेऊन जुन्या पीसीवर ठेवली की चालते. शिवाय टिकलमध्ये इव्हेंट लूप भाषेतच हाताशी असतो, वेगळं काही आणावं लागत नाही.

हा इव्हेंट लूप म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोग्रॅममध्ये काम करणारा धागा (थ्रेड) एकच. तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत राहतो: कुठल्या सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, काही आलं का, कुठला टायमर भरला का, कुणी बटण दाबलं का? जे घडलं असेल त्याला जोडलेली स्क्रिप्ट तो चालवतो, आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसरं काहीही चालत नाही. टायमर लावायला ‘आफ्टर’ ही कमांड, सॉकेटला स्क्रिप्ट जोडायला ‘फाइलइव्हेंट’. नियम एकच: तुमची स्क्रिप्ट पटकन संपली पाहिजे. तिने लूप अडवून धरला की सगळी स्क्रीन गोठते.

पण आमचं काम स्वभावाने पटकन संपणारं नाही. प्रत्येक खोलीचा कंट्रोलर नेटवर्कवर मॉडबस टीसीपी ही यंत्रांची ठरलेली बोली बोलतो. त्याला जोडून घ्यायचं, १२ बाइटांचा प्रश्न पाठवायचा, उत्तराचे पहिले ६ बाइट वाचायचे. त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत पुढे किती बाइट येणार ते लिहिलेलं असतं, मग तेवढे वाचायचे, तापमान काढायचं, नोंद करायची, मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सांगताना हे एका दमात सांगता येतं. यात किमान चार ठिकाणी वाट पाहावी लागते, आणि खोल्या सोळा.

जुन्या प्रोग्रॅममध्ये ही वाट ‘व्हीवेट’ने पाहिली होती. एखाद्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाच्या कप्प्यात, किंमत येईपर्यंत थांबायचं आणि थांबलेलं असताना इव्हेंट लूप चालवत राहायचा, हे ‘व्हीवेट’चं काम. म्हणून घड्याळ पळत होतं. खोल्या मात्र एकामागून एक विचारल्या जात होत्या, अकराव्या खोलीचं उत्तर कधी येणारच नव्हतं आणि त्या वाटेला वेळेची मर्यादाही नव्हती. तात्यांच्या वाक्यात हे नेमकं होतं: लूप जिवंत, काम अडकलेलं.

मी पहिल्यांदा वरवरचा इलाज केला. तीन सेकंदांची मर्यादा घातली, उत्तर नाही आलं तर तीनदा विचारायचं ठरवलं, आणि एका खोलीने दुसरीला अडवू नये म्हणून प्रत्येक खोलीला स्वतःचा टायमर दिला. प्रत्येकीची विचारपूस वेगळी, प्रत्येकीचं ‘व्हीवेट’ वेगळं. चाचणीत सगळं ठीक दिसलं. हंगामात एकदा तीन कंट्रोलर एकदम बंद पडले तेव्हा दोन नंबरच्या खोलीची नोंद चार मिनिटं उशिरा पडलेली सापडली. दोन नंबरचा कंट्रोलर तर धडधाकट होता.

याचं कारण शोधायला मला एक अख्खा रविवार लागला. एका ‘व्हीवेट’मध्ये थांबलेलं असताना लूप चालतो, त्या लूपमधून दुसऱ्या खोलीचा टायमर सुटतो आणि तो आपलं ‘व्हीवेट’ सुरू करतो. ते पहिल्याच्या शेजारी चालत नाही, पहिल्याच्या वर चढतं. एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखं. खालच्या डब्यातलं उत्तर चाळीस मिलिसेकंदांत आलं, तरी वरचे सगळे डबे उतरेपर्यंत तो उघडता येत नाही. वर बंद पडलेल्या खोल्या तीन-तीन सेकंद मोजत बसलेल्या, त्या उतरायच्या आत नव्या खोल्या पुन्हा वर चढलेल्या. दोन नंबर तळाशी गेली होती. ‘व्हीवेट’ प्रोग्रॅमच्या शेवटी एकदा, लूप चालू ठेवण्यासाठी लिहावं. कामाच्या मधोमध लिहू नये. हे मी त्या रविवारनंतर कधी मोडलं नाही.

मग मी सगळ्यांना सांगतात तो रस्ता धरला: कॉलबॅक, म्हणजे अमुक घडलं की चालवायचा कोडचा तुकडा. जोडणी झाली की ही प्रोसिजर (नाव दिलेला कोडचा तुकडा), पहिले ६ बाइट आले की ती, पुढचे आले की तिसरी, वेळ संपली की चौथी. एका खोलीच्या एका विचारपुशीचे नऊ तुकडे झाले. एका प्रोसिजरपुरते असलेले लोकल व्हेरिएबल तुकड्यांमध्ये टिकत नाहीत, त्यामुळे कितवा प्रयत्न चालू आहे, किती बाइट आले, कुठला टायमर लावलाय, हे सगळं खोलीच्या नंबराखाली सगळ्यांना दिसणाऱ्या ग्लोबल ॲरेत (यादीत) ठेवावं लागलं. हे चाललं, आणि नीट चाललं, हे प्रामाणिकपणे सांगतो. कॉलबॅकने लिहिलेला प्रोग्रॅम आमच्याकडे एक हंगाम उभा होता. पण सहा महिन्यांनी नव्या कंट्रोलरसाठी एक पायरी वाढवायची वेळ आली, तेव्हा नऊ प्रोसिजर टेबलावर पसरून बाण काढत बसावं लागलं. ‘जोड, विचार, वाच, नोंद कर, झोप’ ही पाच पायऱ्यांची गोष्ट त्या कोडमध्ये कुठेच सलग लिहिलेली नव्हती.

कोरुटीनकडे, म्हणजे मधेच थांबून तिथूनच पुढे चालू होणाऱ्या प्रोसिजरकडे, मी तिथून वळलो. शब्द जुना आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९५८ च्या सुमारास तो वापरला आणि त्यांचा त्यावरचा लेख १९६३ मध्ये छापून आला. ल्युआ या स्क्रिप्टिंग भाषेत २००३ च्या ५.० आवृत्तीपासून कोरुटीन आहेत. टिकलमध्ये त्या ८.६ मध्ये आल्या, डिसेंबर २०१२ ला. त्यासाठी मिगेल सोफेर यांना भाषेचं इंजिनच आतून नव्याने बांधावं लागलं, कारण जुन्या इंजिनात टिकलची प्रत्येक प्रोसिजर सी भाषेच्या स्टॅकवर, म्हणजे अर्धवट कामांच्या चळतीवर, बसलेली असे आणि सीचा स्टॅक मधेच उचलून बाजूला ठेवता येत नाही. आमच्या पीसीवर ८.५ होतं. आधी ते बदललं.

पारायण करताना उठावं लागलं तर पोथीत मोरपीस घालून उठतात आणि परत येऊन त्याच ओवीपासून पुढे वाचतात. कोरुटीन तशी. प्रोसिजर चालता चालता ‘यील्ड’ म्हणते आणि आहे तिथे थांबते. तिचे लोकल व्हेरिएबल, अर्धवट झालेला लूप, एकातून एक हाक मारलेल्या प्रोसिजरांची अख्खी साखळी, सगळं जसंच्या तसं राहतं. टिकलमध्ये अशा थांबलेल्या कोरुटीनला नाव असतं आणि ते नाव ही एक साधी कमांड असते. कमांड चालवली की कोरुटीन ‘यील्ड’च्या पुढे चालू लागते. सोबत एक किंमत पाठवता येते, ती ‘यील्ड’चं उत्तर म्हणून आत मिळते.

इव्हेंट लूपशी गाठ इथेच पडते, आणि मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागलो होतो. लूपला हवी असते एक कमांड: हे घडलं की हे चालव. कोरुटीन स्वतःच एक कमांड आहे. ‘इन्फो कोरुटीन’ म्हटलं की चालू कोरुटीनला स्वतःचं नाव कळतं. म्हणजे झोपायचं असेल तर दोन ओळी पुरतात: साठ सेकंदांनी माझं नाव चालव असं ‘आफ्टर’ला सांगायचं आणि ‘यील्ड’ म्हणायचं. वाचायचं असेल तर सॉकेटवर काही आलं की माझं नाव चालव असं ‘फाइलइव्हेंट’ला सांगायचं आणि ‘यील्ड’. लूप तोच राहतो, त्याला काही नवं शिकवावं लागत नाही. लूपच्या बाजूने पाहिलं तर नेहमीचा कॉलबॅक. माझ्या बाजूने पाहिलं तर वरून खाली वाचता येणारी सलग प्रोसिजर, ज्यात ‘व्हाइल’ लूप आहे, लोकल व्हेरिएबल आहेत आणि चूक झाली तर ती पकडायला ‘ट्राय’ आहे. नऊ तुकड्यांची पुन्हा एक गोष्ट झाली. सोळा खोल्यांच्या सोळा कोरुटीन, आणि एकीचं थांबणं दुसरीच्या डोक्यावर चढत नाही. जिचं उत्तर आलं ती उठते.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी नोंदींची फाइल उघडली, तर मिनिटाला एक नोंद हवी तिथे पहिल्याच मिनिटात वीस नोंदी होत्या. पुढच्या मिनिटात त्याहून जास्त, आणि मधूनच ‘उत्तर अपुरं’ अशा चुका, तेही कंट्रोलर ठणठणीत असताना.

हा बिघाड सविस्तर सांगतो, कारण कोरुटीन आणि इव्हेंट एकत्र आणणारा प्रत्येक जण यातून जातो असं माझं मत आहे. वाचताना मी दोन गोष्टी लावत होतो: सॉकेटवर काही आलं तर मला उठव, आणि तीन सेकंद झाले तरी मला उठव. उत्तर चाळीस मिलिसेकंदांत यायचं. मी सॉकेटचा निरोप काढून टाकत होतो, पण तीन सेकंदांचा टायमर रद्द करायला विसरलो होतो. कोरुटीन पुढे जाऊन साठ सेकंदांच्या झोपेला लागायची. तिसऱ्या सेकंदाला तो जुना टायमर वाजायचा आणि तिला झोपेतून उठवायचा. तिला वाटायचं, साठ सेकंद झाले. साठाला तीनने भागलं की वीस. फाइलीतला आकडा तिथून आला होता. शिवाय प्रत्येक मोडलेल्या झोपेचा साठ सेकंदांचा टायमर मागे शिल्लक राहायचा. मिनिटभराने तेही वाजू लागायचे, कुणी झोपेत असताना तर कुणी वाचन चालू असताना, म्हणून ‘उत्तर अपुरं’.

कॉलबॅकच्या पद्धतीत हा टायमर विसरलो असतो, तर चौथी प्रोसिजर उगाच चालली असती आणि चूक तिच्याच नावाने दिसली असती. कोरुटीनमध्ये सगळ्या निरोपांचा पत्ता एकच असतो: कोरुटीनचं नाव. निरोप कुठल्या थांब्यासाठी होता, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. सोयीची गोष्ट हीच, आणि धोक्याचीही हीच.

मी मग सगळं थांबणं एकाच प्रोसिजरमध्ये आणलं. तिचं नाव ‘थांब’. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये ‘यील्ड’ हा शब्द फक्त तिच्या आत आहे, दुसरीकडे लिहायचा नाही असा मी स्वतःला नियम घातला. ती प्रत्येक वेळी एक नवा नंबर काढते, दवाखान्यात टोकन देतात तसा. टायमरला आणि सॉकेटला सांगताना तो नंबर सोबत देते. कुणी उठवलं की आधी नंबर बघते. जुना असेल तर काही न करता पुन्हा ‘यील्ड’ म्हणते. खरा निरोप आला की टायमर रद्द करते, सॉकेटचा निरोप काढते आणि मगच उठण्याचं कारण सांगत परत येते: ‘आलं’, ‘वेळ संपली’ किंवा ‘रद्द’. टायमर नीट रद्द केले तर नंबराची गरज पडू नये. तरी तो ठेवला. ज्या प्रोग्रॅमवर लोकांचा माल अवलंबून आहे तिथे अशा दोन कड्या असाव्यात. वीसेक ओळींची ही प्रोसिजर मी आजवर लिहिलेल्या कोडमधला सर्वांत जपलेला भाग आहे.

तिचं नाव देवनागरीत आहे, हे खरंच. टिकलमध्ये कमांडचं नाव कुठल्याही लिपीत चालतं. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलं तर डॉलरनंतर महिरपी कंस घालावा लागतो, कारण कंसाशिवाय ती फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. म्हणून व्हेरिएबल मी इंग्रजीतच ठेवले. आणि विंडोजवर ८.६ चालवताना फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवायची पद्धत) आहे हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर चुकांच्या संदेशांत भलतीच अक्षरं उमटतात.

देवनागरी नाव सुरुवातीला सहज दिलं होतं. पुढे त्याला अर्थ आला. पायथॉनमध्ये २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून ‘असिंक’ आणि ‘अवेट’ आले. तिथे जी प्रोसिजर थांबू शकते तिच्यावर तशी खूण करावी लागते, आणि तिला हाक मारणाऱ्या प्रत्येकीवरही. टिकल आणि ल्युआत अशी सक्ती नाही. तीन प्रोसिजर खोल जाऊनही ‘यील्ड’ म्हणता येतं, वरच्यांना त्याचा पत्ता नसतो. लिहायला हे मोकळं वाटतं. पण वाचताना कुठल्या ओळीवर प्रोग्रॅम थांबेल हे दिसत नाही, आणि तो थांबला की मधल्या वेळात बाकीचं जग बदलू शकतं. धागा एकच आहे म्हणून डेटा सुरक्षित, हे अर्धंच खरं. दोन थांब्यांच्या मधला कोडच काय तो सुरक्षित.

मला याचा फटका असा बसला: खोलीची मर्यादा व्हेरिएबलमध्ये घेऊन कोरुटीन वाचायला थांबली, तेवढ्यात दिवसपाळीच्या मुलाने स्क्रीनवरून मर्यादा बदलली आणि परत येऊन कोरुटीनने जुन्या मर्यादेवर एसएमएस पाठवला. चूक लहान होती, पण तिच्यामुळे मी एक ठरवलं. जी प्रोसिजर थांबू शकते तिचं नाव देवनागरीत ठेवायचं, बाकी सगळं इंग्रजीत. ‘जोड’, ‘वाच’, ‘झोप’, ‘थांब’. पानावर नजर टाकली की इंग्रजीच्या रानात देवनागरी शब्द लगेच उठून दिसतात. जिथे देवनागरी, तिथे जग बदललेलं असू शकतं. त्या ओळीआधी घेतलेली किंमत त्या ओळीनंतर पुन्हा घ्यायची. पायथॉन जी खूण भाषेकडून करवून घेते, ती मी लिपीने केली. मराठीत लिहिणाऱ्याला ही सोय जन्मजात मिळालेली आहे, ती वापरावी असं मला मनापासून वाटतं.

आता मोडेमची गोष्ट. एसएमएस पाठवायला सीरियल पोर्टवर जीएसएम मोडेम आहे. त्याला नंबर सांगायचा, तो ‘>’ हे चिन्ह पाठवतो, मग मजकूर द्यायचा, शेवटी २६ क्रमांकाचं कंट्रोल अक्षर, आणि ‘ओके’ येईपर्यंत थांबायचं. दोन खोल्यांची तापमानं एकाच वेळी वर गेली तेव्हा दोन्ही कोरुटीन मोडेमशी बोलायला लागल्या. एकीने नंबर सांगून ‘>’ची वाट पाहिली, तेवढ्यात दुसरीने तिचा नंबर सांगितला, आणि तो नंबर पहिल्या संदेशाचा मजकूर म्हणून निघून गेला. मालकांना, म्हणजे अण्णांना, रात्री नुसता एक फोन नंबर असलेला एसएमएस मिळाला.

कुलूप लावायचा, म्हणजे एकीचं बोलणं संपेपर्यंत दुसरीला मोडेम वापरू द्यायचा नाही असा, विचार आधी आला. थोडं लिहून पाहिलं आणि सोडून दिलं. कुलूप घेतलेली कोरुटीन मधेच मेली तर ते उघडायचं कुणी, या प्रश्नाचं उत्तर लांबत गेलं. त्यापेक्षा मोडेमला स्वतःची कोरुटीन दिली. मोडेमशी फक्त ती बोलते. बाकीच्या खोल्या संदेश रांगेत टाकून आपल्या कामाला लागतात. रांगेत काही आलं की ती उठते, एकेक संदेश पाठवते आणि रांग रिकामी झाली की थांबते. ज्या वस्तूशी एका वेळी एकानेच बोलायचं असतं, तिला तिची स्वतःची कोरुटीन द्यावी. आम्ही पुढे प्रिंटरलाही तेच केलं. जाता जाता: मराठीतला एसएमएस ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीतला १६०. संदेश मराठीतच ठेवले, शब्द कमी केले. ‘खोली ११ तापमान ९.२’ एवढं पुरतं.

मोडेमच्या कामातच आणखी एक भिंत लागली. तापमानाच्या व्हेरिएबलवर मी ‘ट्रेस’ लावला होता: किंमत बदलली की ही प्रोसिजर चालव. त्या प्रोसिजरमध्ये ‘थांब’ होतं. चूक आली, तिचा मथितार्थ असा: यील्ड करता येत नाही, सीचा स्टॅक गुंतलेला आहे. इंजिन नव्याने बांधलं तरी काही वाटा अजून सीमधून जातात. ‘ट्रेस’ त्यातली एक, यादी क्रमाने लावणाऱ्या ‘एलसॉर्ट’ला दिलेली तुलनेची प्रोसिजर दुसरी. कोरुटीन आणि ‘यील्ड’ यांच्या मधे सीचा असा तुकडा आला की थांबता येत नाही. उपाय सोपा आहे: ‘ट्रेस’मधून थेट काम करायचं नाही, शून्य मिलिसेकंदांचा ‘आफ्टर’ लावून ते लूपकडे द्यायचं. तो चालेल तेव्हा मधे सी नसतं.

शेवटची गोष्ट मारण्याची. स्क्रीनवर प्रत्येक खोलीसमोर ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण आहे. कोरुटीन कमांड असल्यामुळे तिला ‘रिनेम’ करून रिकामं नाव दिलं की ती नाहीशी होते, म्हणून बटणामागे मी तेच लिहिलं होतं. सॉकेट बंद करायची ओळ ‘फायनली’मध्ये, म्हणजे ‘ट्राय’च्या शेवटी आवराआवर करणाऱ्या भागात, होती आणि ती प्रत्येक वाटेवर चालतेच अशी माझी समजूत होती. ‘रिनेम’ने मारलेल्या कोरुटीनचं ‘फायनली’ चालत नाही. लोकल व्हेरिएबल जातात, सॉकेट उघडंच राहतं. आमचे कंट्रोलर एका वेळी चारच जोडण्या घेतात. कुणी चारदा बटण दाबलं की तो कंट्रोलर पाचव्या जोडणीला नकार द्यायचा, आणि नकार मिळाला म्हणून माणूस पुन्हा बटण दाबायचा.

आता बटण कोरुटीनला मारत नाही, तिला ‘रद्द’ असा निरोप पाठवतं. ‘थांब’ला तो मिळाला की ती चूक फेकते, चूक वरपर्यंत जाते, वाटेत ‘फायनली’ चालतं आणि सॉकेट बंद होतं. सगळं थांबणं एकाच ठिकाणी असल्यामुळे हा बदल फक्त ‘थांब’मध्ये झाला. बाकी कुठे हात लावावा लागला नाही.

हंगामाआधी मी नेटवर्कच्या केबली एकेक करून उपटल्या, मग चार-चार, मग मेन स्विचच बंद केला आणि लावला. स्क्रीनवर त्या त्या खोल्या लाल झाल्या, बाकीच्यांच्या नोंदी मिनिटाला मिनिट पडत राहिल्या, आणि वीज आल्यावर सोळाच्या सोळा परत आल्या. तात्या मागे उभे राहून बघत होते. एका खोलीच्या प्रोसिजरचं छापील पान टेबलावर पडलं होतं, पाऊण पानाचं. त्यांनी ते उचललं, चष्मा लावला आणि बोट ठेवत देवनागरी शब्द तेवढे वाचले: “जोड. वाच. वाच. झोप.”

मग म्हणाले, “आणि डिफ्रॉस्ट कुठाय ह्यात? डिफ्रॉस्टच्या वक्ताला खोली वर जातीच की. तवा ह्यो उगा एसएमएस टाकतोय, आन अण्णा मला फोन लावत्यात. हितं थांबाय नको का?”

त्यांचं बोट दुसऱ्या ‘वाच’ आणि ‘झोप’च्या मधे होतं, बरोबर त्याच ओळीवर. दोन वर्षं हा प्रोग्रॅम आमच्याकडे होता आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ तुकड्यांमध्ये ते दाखवणार तरी कुठे?

त्याच संध्याकाळी बसून लिहिलं. मर्यादा ओलांडली आणि डिफ्रॉस्ट, म्हणजे यंत्रावर साठलेला बर्फ वितळवणं, चालू असेल, तर लगेच संदेश जात नाही. नोंद नेहमीसारखी पडते आणि त्या खोलीसाठी आणखी एक छोटी कोरुटीन सुरू होते. ती वीस मिनिटं ‘झोप’ते, तापमान पुन्हा बघते आणि ते अजूनही वर असेल तरच मोडेमच्या रांगेत निरोप टाकते. चार ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी तात्यांना दाखवल्या.

“वीस मिन्टं लई झाली,” ते म्हणाले. “पंधराच ठेवा.”

पंधरा केली.